अकरावीत गुण कमी, तरी अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजांना अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि वेळेचं गणित

सोलापुरात अकरावीचं वर्ष बहुतेकांच्या हिशेबात धरलंच जात नाही. जेईई ते बघत नाही, एमएचटी-सीईटी बघत नाही, एनआयटीच्या ७५ टक्क्यांच्या अटीलाही बारावीचेच गुण लागतात. म्हणून नाव कॉलेजात, अभ्यास क्लासमध्ये आणि वार्षिक परीक्षा नुसती देऊन टाकायची, असा रिवाज पडलाय. अमेरिकेतली कॉलेजं मात्र नववी ते बारावी अशी चारही वर्षं मागतात. त्यात अकरावी ऐन मोक्याच्या जागी येते, कारण अर्ज भरताना हातात असलेला शेवटचा पूर्ण निकाल तोच.

पात्रतेचं आधी सांगून टाकतो. किमान टक्केवारीची अट बहुतेक खासगी कॉलेजांत नाही. म्हणजे अकरावीत ५२ टक्के पडले म्हणून अर्ज बाद होत नाही. पण हार्वर्ड, एमआयटी शंभर अर्जांतले पाचसुद्धा घेत नाहीत, तेव्हा यादीत सोपी कॉलेजंही हवीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा नियम जरा निराळा. तिथं जीपीएत, म्हणजे गुणांच्या सरासरीत, नववी धरत नाहीत, दहावी-अकरावी धरतात. नववी बिघडलेल्याला तिथं सूट मिळते, अकरावी बिघडलेल्याला उलट जास्त फटका बसतो.

कॉलेजच्या ऑफिसातलं काम

दहावीची गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळते, हरवली तर पुणे विभागीय मंडळाकडून दुसरी प्रत काढता येते. नववी आणि अकरावीचं तसं नाही. ते गुण फक्त शाळेच्या आणि कॉलेजच्या दप्तरात असतात. लेटरहेडवर, विषयवार, इंग्रजीत, सही-शिक्क्यानिशी काढून घ्यावे लागतात. हे काम जूनमध्येच करा, ऑगस्टनंतर क्लार्कसाहेबांच्या टेबलावर दुसऱ्याच फायली असतात. टक्क्यांचं जीपीएत रूपांतर करत बसू नका, गुण आहेत तसेच द्या. आणि 'जरा वाढवून लिहून देतो' असं कुणी म्हणालं तर हात जोडा. शेवटचा अहवाल कॉलेजकडूनच जातो, तफावत सापडली तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो.

बहुतेक कॉलेजांचा अर्ज कॉमन ॲप या सामायिक संकेतस्थळावर भरायचा (एमआयटी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे फॉर्म वेगळे), तिथला नवा फॉर्म १ ऑगस्टला उघडतो. त्यात 'काउन्सेलर', म्हणजे शाळेतला मार्गदर्शक, विचारतात. आपल्याकडे तसं पद क्वचितच असतं. प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक ती जागा घेऊ शकतात, फक्त कॉलेजचा अधिकृत ईमेल असलेला बरा. शाळेचा अहवाल, शिफारसपत्र आणि गुणपत्रक त्यांनी स्वतः अपलोड करायचं असतं. सोबत कॉलेजची ओळख देणारं एक पान जोडायला सांगा: राज्य मंडळात ३५ ला पास, ६० ला प्रथम श्रेणी, ७५ ला विशेष प्रावीण्य. हे ठाऊक नसलेल्याला ६८ टक्के फारच कमी वाटतात. विषयशिक्षकांची पत्रं बहुधा दोन लागतात. अकरावीत धडपडताना ज्यांनी पाहिलं, त्या सरांना किंवा मॅडमना विचारा.

नावाचीही एक गंमत आहे. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर वेगळ्या रकान्यात. अर्ज, इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा, प्रवेशासाठीची सॅट परीक्षा, सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच भरा. आयईएलटीएसला पासपोर्टच ओळखपत्र म्हणून चालतो, त्यामुळे तो अकरावीतच काढलेला बरा. आपला जिल्हा पुणे पासपोर्ट कार्यालयाखाली येतो.

खुलासा कसा लिहायचा

अडचणी आणि परिस्थितीसाठी फॉर्ममध्ये सध्या २५० शब्दांची जागा आहे, जादा माहितीसाठी ३०० शब्दांची. मुख्य निबंध यात खर्ची घालू नका. आपल्याकडे अकरावी घसरण्याचं सर्वांत खरं कारण बहुतेक जण लिहीतच नाहीत: दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावी सायन्सला एकदम सगळं इंग्रजीत. ते असं लिहिता येईल: 'दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकलो. अकरावीच्या पहिल्या सत्रात भौतिकशास्त्रात १०० पैकी ४१ गुण मिळाले, कारण प्रश्न समजायलाच वेळ जात होता. वार्षिक परीक्षेत ५८, बारावीच्या पहिल्या सत्रात ७६.' बस्स. रडगाणं नाही, शिक्षकांवर खापर नाही. आजारपण असेल तर तारखा लिहा आणि डॉक्टरांचा दाखला काउन्सेलरकडे द्या. आळस केला असेल तर कारण गाळा, आकडेच बोलू द्या.

ते आकडे येणार कुठून? बारावीच्या दिवाळीआधीच्या सत्र परीक्षेतून. जिला कुणी विचारत नाही, तीच इथं सगळ्यात महागाची. लवकरच्या फेरीची मुदत साधारण १ नोव्हेंबर, तोवर तो निकाल हातात येत नाही. माझ्या मते अकरावी कच्ची असलेल्यानं ही फेरी सोडावी आणि जानेवारीच्या सुरुवातीच्या नियमित फेरीत सत्र परीक्षेच्या गुणांसह अर्ज करावा. पूर्वपरीक्षेचे गुण नंतर मध्यवर्षीय अहवालात पाठवता येतात. सॅट किंवा तिच्यासारखीच एसीटी परीक्षा हार्वर्ड, एमआयटीला लागतेच, आणि गणितात चांगला स्कोअर आला तर अकरावीच्या गणिताचं ओझं बरंच हलकं होतं.

पैशाची कागदपत्रं

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट, डार्टमथ, बोडन ही कॉलेजं परदेशी मुलाला निवडताना ऐपत बघत नाहीत आणि निवड झाल्यावर गरजेइतकी मदत देतात. इतर बहुतेक ठिकाणी मदत मागितली की निवड अवघड होते. मदतीसाठी बरीच कॉलेजं सीएसएस प्रोफाइल हा घरच्या उत्पन्नाचा ऑनलाइन फॉर्म भरायला लावतात. आयकर विवरण, फॉर्म १६, बँकेचे उताऱ्याचे कागद लागतात. घरी चार यंत्रमाग आणि विवरण कधी भरलेलंच नाही, अशी स्थिती असेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढा. शेती असेल तर सातबारा इंग्रजीत भाषांतर करून ठेवा.

राहिली गोष्ट एक वर्ष थांबण्याची. बारावीचा पक्का निकाल घेऊन पुढच्या वर्षी अर्ज करता येतो, त्याला तिकडे कुणी नाक मुरडत नाही. मात्र तोवर 'हाताशी असू दे' म्हणून बीएस्सीला प्रवेश घेऊन एफवाय पूर्ण करू नका. पदवीचं पूर्ण वर्ष झालं की बऱ्याच ठिकाणी अर्ज ट्रान्स्फरमध्ये, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून बदलून येणाऱ्यांच्या गटात जातो. तिथं जागा मोजक्या, मदत कमी, आणि एफवायची गुणपत्रिकाही जोडावी लागते.