मणक्याचा ‘कट्ट’ आवाज

कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणक्यांना हातानं झटके देऊन उपचार करणारा, पाठीवर हात ठेवून नेमका झटका देतो, ‘कट्ट’ असा आवाज येतो आणि पालथ्या पडलेल्या माणसाला वाटतं, सरकलेलं हाड जागेवर बसलं.

हाड मुळात सरकलेलंच नसतं. मणक्यांना जोडणाऱ्या छोट्या सांध्यांत वंगणासारखा द्रव असतो. सांध्याची दोन टोकं झटक्यानं दूर झाली की आतला दाब एकदम उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. बोटं मोडताना होतं तेच. २०१५ साली संशोधकांनी बोटाचा सांधा ओढताना ही पोकळी तयार होताना एमआरआयवर पाहिली.

कायरोप्रॅक्टरांच्या या उपचाराची सुरुवात १८९५ सालची. अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट गावी डॅनिएल पामर यांनी हार्वे लिलार्ड या ऐकू न येणाऱ्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागल्याचा दावा केला. पण ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, मणक्यांतून जातच नाही! तरीही बहुतेक आजारांचं मूळ पामर यांना मणक्यांतच दिसलं. दमा, रक्तदाब, तान्ह्या बाळाचं पोटदुखीचं रडणं यांवर हा उपचार सुचवला जातो, तो याच विचारातून. त्याला भरवशाचा पुरावा नाही, आणि बाळाच्या मणक्याला तर हातही लावू नये असं मला ठामपणे वाटतं.

कंबरदुखीचं मात्र वेगळं. तिथे या उपचारानं थोडा आराम पडतो, साधारण व्यायामानं पडतो तेवढाच. उपचारांबाबत मार्गदर्शन करणारी ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था तो व्यायामाच्या जोडीनंच घ्यायला सांगते. मणक्यांमधली गादी सरकली म्हणून घाबरणाऱ्यांनी हेही ऐकावं: अशा बऱ्याच गाद्या काही महिन्यांत आपोआप आक्रसतात. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा येणं, पायातली ताकद कमी होत जाणं, यांपैकी काही असेल तर मात्र तडक रुग्णालय गाठावं.

मानेच्या झटक्याबद्दल मी जास्त सावध आहे. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या जातात. त्यांच्या अस्तराला चीर पडली तर पक्षाघात होऊ शकतो. झटक्यानंतर असं घडल्याच्या नोंदी आहेत, क्वचित असल्या तरी. शिवाय अशी चीर आधीच पडलेली असेल, तर तिचं पहिलं लक्षण पुष्कळदा मानदुखीच असतं, आणि माणूस नेमका तीच मान मोडून घ्यायला जातो. मान अचानक आणि कधी नव्हे अशी दुखू लागली, तर आधी डॉक्टरांना दाखवा.