अक्षराची शेपटी गेली, वाघाला शेपटी आली

सैबेरियातल्या इर्कुत्स्क शहराचं नगरचिन्ह पहिल्यांदा पाहणारा माणूस ते हमखास दोनदा पाहतो. रुपेरी ढाल, खाली हिरवं गवत, त्यावरून धावणारं एक काळंकुट्ट जनावर. डोळे लालभडक. जबड्यात पकडलेलं दुसरं एक छोटं जनावर, तेही लाल. मान, छाती, झेप सगळं मांजरकुळातलं वाटतं, म्हणून आपण ‘वाघ’ म्हणायला तोंड उघडतो आणि नजर मागच्या पायांवर जाते. तिथे बोटांच्या मधे बदकासारखा पडदा. त्यामागे शेपूट, आणि ती वाघाची लवलवती शेपूट नव्हे, चांगली जाडजूड, वल्ह्याची आठवण करून देणारी. असं जनावर पृथ्वीवर कुठेही नाही. ते जन्माला आलं सेंट पीटर्सबर्गच्या एका सरकारी खात्यात, आणि त्याला जन्म दिला एका स्वराने.

इर्कुत्स्कची सुरुवात 1661 सालची. बैकल सरोवरात नद्या शेकड्यांनी येऊन मिळतात, बाहेर पडते ती एकटी अंगारा. तिच्या काठी, इर्कुत नदीच्या मुखासमोर, याकोव्ह पोखाबोव्ह या कोसॅक सरदाराने लाकडी गढी बांधली. पंचवीस वर्षांत गढीचं शहर झालं. गढी कशासाठी होती? सेबलसाठी. सेबल हा मार्टेन या मुंगसाएवढ्या, लांबट अंगाच्या जनावराचा भाऊबंद, जेमतेम किलो-दीड किलोचा चपळ शिकारी. त्याची मऊ, दाट लोकर युरोपातले राजेरजवाडे आणि चीनचा दरबार दोघांनाही हवी होती. झारचा कर सैबेरियातल्या जमाती कातड्यांच्या रूपात भरत, त्याला ‘यासाक’ म्हणत. रशियन माणूस उरल डोंगर ओलांडून प्रशांत महासागरापर्यंत गेला तो बराचसा या जनावराच्या मागे धावत.

म्हणूनच सैबेरियाच्या जुन्या शिक्क्यांवर सेबल वारंवार भेटतो. तोबोल्स्कच्या शिक्क्यावर दोन सेबल आणि मधे बाण होता. इर्कुत्स्कच्या वाट्याला आलं सेबल पकडणारं श्वापद, आणि त्या श्वापदाचं नाव होतं ‘बाब्र’.

बाब्र म्हणजे वाघ. शब्द मूळचा फारसी, तुर्की बोलींच्या वाटेने सैबेरियात पोचलेला. याकुत भाषेत वाघाला आजही त्याच्याच जवळचा शब्द आहे. आपल्याला तो अगदीच अनोळखी नाही. ‘बब्बर शेर’ मधला बब्बर तोच. गंमत अशी, की फारसीत बब्र म्हणजे वाघ आणि शेर म्हणजे सिंह. दोन्ही शब्द हिंदुस्थानात आले आणि त्यांची अदलाबदल झाली: शेर वाघालाही चालू लागला, आणि नुसत्या सिंहासाठी ‘बब्बर शेर’ म्हणायची वेळ आली. याला हसण्याआधी आपण आपली वर्तमानपत्रं आठवावीत. बिबट्याच्या बातमीत चित्त्याचा फोटो आणि चित्त्याच्या बातमीत बिबट्याचा, हे किती वेळा पाहिलंय! गावाकडे तर ‘वाघ आला’ म्हटलं की पहिला प्रश्न असतो, पट्ट्याचा की ठिपक्यांचा?

पण बैकलच्या थंडीत वाघ? हो. आजचा अमूर वाघ रशियाच्या पार पूर्वेच्या टोकाला उरलाय, म्हणून नवल वाटतं. पूर्वी त्याचा वावर बराच पसरलेला होता, आणि एखादा भटका नर बैकलच्या पलीकडच्या मुलखापर्यंत येऊन जात असे. रोज दिसणारा प्राणी तो नव्हताच. तो होता अधूनमधून आलेला, ऐकिवातला, व्यापाऱ्यांच्या गाठोड्यातल्या कातड्यावरून माहीत झालेला. शिक्क्यावर बसवायला असाच प्राणी बरा. ज्याला रोज हाकलावं लागतं त्याचा मान कोण राखतो?

1790 मध्ये सम्राज्ञी कॅथरीन दुसरीने शहराचं चिन्ह रीतसर मंजूर केलं. त्या वर्णनात कसलाही गोंधळ नाही: रुपेरी ढाल, धावता वाघ, तोंडात सेबल. ‘हे चिन्ह जुनं आहे’ अशी टीपही जोडलेली. तिथे शब्द वापरला होता ‘तिग्र’, युरोपातून आलेला. सैबेरियातल्या लोकांच्या तोंडी मात्र बाब्रच राहिला.

मग आलं 1878. रशियन साम्राज्याच्या प्रांतांची चिन्हं एकसारख्या शिस्तीत बसवण्याचं काम राजधानीत बरीच वर्षं चाललं होतं. इर्कुत्स्क प्रांताच्या चिन्हाचं जे वर्णन मंजूर होऊन बाहेर पडलं त्यात लिहिलं होतं: रुपेरी ढालीवर लाल डोळ्यांचा काळा ‘बोब्र’, तोंडात लाल सेबल.

बोब्र म्हणजे बीव्हर. पाण्यात बांध घालणारा, झाडं कुरतडणारा, पक्का शाकाहारी बीव्हर.

रशियन लिपीत दोन्ही शब्द चार अक्षरांचे, फरक दुसऱ्या अक्षराचा. एकात ‘अ’, दुसऱ्यात ‘ओ’. हाताने लिहिताना रशियन ‘ओ’ म्हणजे नुसता गोल, आणि त्या गोलाच्या उजव्या अंगाला लहानशी शेपटी ओढली की झाला ‘अ’. कागदावरच्या अक्षराची शेपटी गेली आणि ढालीवरच्या वाघाला भलतीच शेपटी आली.

पण हा नुसता हस्तदोष होता असं मला वाटत नाही. रशियन उच्चारात एक खोड आहे. आघात नसलेला ‘ओ’ मॉस्कोकडे ‘अ’सारखा ऐकू येतो. लिहायचं ‘मोस्क्वा’, म्हणायचं ‘मस्क्वा’. बोब्रची विभक्तिरूपं शेवटच्या अक्षरावर आघात घेतात, म्हणून ‘बीव्हरचा’ या अर्थाचं रूप लिहितात ‘बोब्रा’ आणि कानाला ऐकू येतं ‘बब्रा’. आता राजधानीतला कारकून डोळ्यांपुढे आणा. बाब्र हा शब्द त्याने जन्मात ऐकलेला नाही. समोर सैबेरियाचा कागद, त्यात ‘बाब्र’. त्याची खात्रीच पटली असणार की कुणा खेडवळाने ऐकलं तसं लिहून ठेवलंय. तेव्हा त्याने चूक केली नाही, त्याच्या मते त्याने चूक दुरुस्त केली. शुद्धलेखन पक्कं असलेल्या माणसाच्या हातून होणारी ही खास चूक आहे; मुद्रितं तपासणाऱ्यांना ती चांगली परिचयाची असेल.

हळहळ वाटते ती एका गोष्टीची. व्लादिमीर दाल यांचा प्रचंड रशियन शब्दकोश 1863 ते 1866 या काळात छापून झाला होता. त्यात ‘बाब्र’ ची नोंद आहे आणि अर्थही: वाघ, पट्टेदार. कपाटातून एक खंड काढायचा अवकाश होता.

कारकुनाच्या बाजूने एक सांगता येईल. इर्कुत्स्क फरच्या व्यापाराची पेठ होती आणि त्या पेठेत ‘बोब्र’ हा शब्द खणखणीत नाण्यासारखा चाले. प्रशांत महासागरातल्या सी ऑटरला, म्हणजे समुद्रातल्या पाणमांजरालासुद्धा रशियन व्यापारी ‘समुद्री बोब्र’ म्हणत, आणि अलास्कापर्यंत जाळं पसरलेल्या रशियन-अमेरिकन कंपनीचा सुरुवातीचा कारभार इर्कुत्स्कमधूनच चाले. तेव्हा इर्कुत्स्क म्हणजे फर, फर म्हणजे बोब्र, असा हिशेब त्याच्या डोक्यात बसला असेल तर नवल नाही.

पुढची पंचाईत चित्रकाराची. जुनं चित्र सांगतंय वाघ, नवा हुकूम सांगतोय बीव्हर, आणि हुकमावर राजाची मोहर. सरकारी चित्रकाराने जे करावं तेच झालं: दोघांनाही खूश केलं. धड वाघाच्या वळणाचं ठेवलं, पायांना पडदे लावले, शेपूट बदलली आणि सेबल तसाच तोंडात ठेवला.

जीवशास्त्राच्या दृष्टीने यात काहीच जुळत नाही. युरेशियन बीव्हर वीस-तीस किलोचा कृंतक, म्हणजे उंदीर-खारींच्या गोतातला. खाणं म्हणजे झाडाची साल, कोवळ्या फांद्या, पाणवनस्पती; अ‍ॅस्पेनची साल विशेष आवडीची. त्याचे पुढचे दात नारिंगी असतात, कारण दातांच्या कवचात लोह असतं. त्यानेच ते लाकूड कुरतडण्याइतके टणक होतात. शिकारीसाठी सुळे लागतात, ते त्याला नाहीतच. पटाशीच्या दातांमागे मोकळी फट असते. चपट्या शेपटीने तो पाण्यात वळतो, चरबी साठवतो, आणि धोका दिसला की पाण्यावर ती फटकन आपटून घरच्यांना सावध करतो. सेबल समोर आला तर तो पाण्यात बुडी मारेल. सेबलच्या मागे धावणारा बीव्हर म्हणजे मांजर पकडायला निघालेली शेळी.

रंगांतही एक गंमत दडली आहे. पश्चिम युरोपच्या ढालशास्त्रात काळ्या रंगाचं नावच ‘सेबल’, आणि ते याच प्राण्याच्या गडद कातड्यावरून आलं असं मानतात. इर्कुत्स्कच्या ढालीवर मात्र पकडणारा काळा आणि खुद्द सेबल लाल.

आता शब्दांकडे वळू, कारण खरी मेजवानी तिथे आहे. ‘बोब्र’, इंग्रजी ‘बीव्हर’, जर्मन ‘बीबर’ ही सगळी एकाच आदिम शब्दाची लेकरं. त्या शब्दाचा अर्थ तपकिरी, पिंगट. आणि त्याचं संस्कृत भावंड आपल्या घरातलंच आहे: बभ्रु. अर्जुन-चित्रांगदेचा मुलगा बभ्रुवाहन आठवा. संस्कृतात बभ्रु म्हणजे पिंगट रंग, आणि त्याचा एक अर्थ मुंगूस असाही आहे. हिंदुस्थानात बीव्हर नाही, तेव्हा रंगाचं नाव इथे दुसऱ्या पिंगट जनावराला चिकटलं. इराणात मात्र बीव्हर टिकला: अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथात अनाहिता देवीच्या अंगावरचं वस्त्र बीव्हरच्या कातड्यांचं आहे, आणि त्या प्राण्याचं नाव आहे ‘बव्री’.

म्हणजे वाघाचा ‘बब्र’ आणि बीव्हरचा ‘बव्री’ इराणी भाषांमध्येसुद्धा एकमेकांच्या शेजारी बसलेले होते. या शेजाराचा सगळ्यात प्रसिद्ध बळी आपल्या इतिहासात आहे. 1483 मध्ये फरगाण्यात जन्मलेला, पुढे पानिपत जिंकलेला जहिरुद्दीन महंमद बाबर. त्याच्या नावाचा अर्थ ‘वाघ’ असं शाळेपासून ऐकलेलं असतं. त्याच्या आत्मचरित्राचे आधुनिक इंग्रजी भाषांतरकार व्हीलर थॅकस्टन यांचं मत वेगळं आहे: हे नाव फारसी ‘बब्र’ पासून आलेलं नाही, ते बीव्हरवाचक शब्दापासून आलंय. पुराव्यादाखल त्यांनी शेजारी ठेवलेला शब्द आहे रशियन ‘बोबोर’, म्हणजे आपल्या बोब्रचंच दुसरं रूप. सेंट पीटर्सबर्गच्या कारकुनाने ज्या दोन प्राण्यांत घोटाळा केला, नेमक्या त्याच दोघांत पहिल्या मुघल बादशहाचं नाव अडकलं आहे. वाद मिटलेला नाही, पण यापुढे कुणी त्या कारकुनाला अडाणी म्हटलं तर मला जरा वाईट वाटेल.

शब्द फारसीतून सैबेरियात गेला, आणि ज्याचा तो शब्द, त्या जनावराचीही कथा तशीच निघाली. फारसी लोक ज्याला बब्र म्हणत तो कॅस्पियन वाघ, इराण-तुर्कस्तानपासून मध्य आशियातल्या नदीकाठच्या बोरूच्या बेटांपर्यंत राहणारा. विसाव्या शतकात तो नामशेष झाला. 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी संग्रहालयांतल्या जुन्या कातड्यांतून आणि हाडांतून त्याचा मायटोकाँड्रियल डीएनए वाचला आणि अमूर वाघाशी ताडून पाहिला. तपासलेल्या भागात फरक निघाला एका अक्षराचा. फक्त एका. दोन्ही वाघ अगदी अलीकडेपर्यंत एकाच सलग पट्ट्यातले होते, मधल्या माणसांच्या वस्तीने आणि बंदुकीने त्यांची दोन टोकं केली. म्हणूनच कझाकस्तान आता बल्खाश सरोवराकाठी वाघ पुन्हा वसवताना अमूर वाघ आणतंय. 2024 मध्ये नेदरलँड्समधून पहिली जोडी तिथे पोचली.

ढालीवरच्या तिन्ही प्राण्यांची प्रत्यक्षातली गत मात्र सारखीच झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अख्ख्या युरेशियात बीव्हर उरले सुमारे 1200. अमूर वाघ 1940 च्या सुमारास चाळिसाच्या आत आले. 1947 मध्ये रशियाने त्यांच्या शिकारीवर बंदी घातली. आणि सेबल इतके विरळ झाले की त्यांच्यासाठी बैकलच्या पूर्व काठावर बारगुझिन अभयारण्य करावं लागलं. जुन्या कॅलेंडरप्रमाणे 1916 च्या डिसेंबरअखेरीस, म्हणजे क्रांतीच्या अगदी तोंडावर, झारच्या सरकारने काढलेला तो हुकूम. पुढे तिघेही सावरले, पण बीव्हर आणि सेबल वाघापेक्षा कितीतरी जास्त.

इर्कुत्स्कचं म्हणाल तर बीव्हर ढालीवर चढला आणि पुढच्याच वर्षी, 1879 च्या उन्हाळ्यात, लागलेल्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला. योगायोगच तो. सोव्हिएत काळात जुनी चिन्हं अडगळीत गेली. 1996 मध्ये शहराने आपलं चिन्ह परत घेतलं, तेव्हा चूक सुधारायची आयती संधी होती. वर्णनात शब्द सुधारला: पुन्हा ‘बाब्र’. चित्रातली शेपूट मात्र कुणी कापली नाही. 2012 मध्ये जुन्या लाकडी घरांच्या ‘130 व्या क्वार्टर’च्या तोंडाशी त्याचा मोठा ब्राँझचा पुतळा उभा राहिला, तोंडात सेबल धरलेला. परगावचे लोक त्याच्यासमोर फोटो काढतात आणि विचारतात, हे नक्की काय आहे? इर्कुत्स्कचा माणूस सांगतो, बाब्र. वाघ नाही, बीव्हरही नाही.