डिटेक्टरचे रिझोल्यूशन: कागदावरचे ७ टक्के आणि तुमच्या टेबलावरचे

आमच्याकडून गामा स्पेक्ट्रोमीटर घेतलेल्या महाविद्यालयांसाठी

“कागदावर ७ टक्के लिहिलंय, आमच्याकडे ९ येतंय. डिटेक्टर गेला का?” मे महिना लागला की दर्यापूर, आर्वी, पुसदकडून असे फोन सुरू होतात. बहुतेक वेळा डिटेक्टरमधला सोडियम आयोडाइडचा क्रिस्टल ठणठणीत असतो.

रिझोल्यूशन म्हणजे स्पेक्ट्रममधल्या शिखराची रुंदी, त्याच्या ऊर्जेच्या टक्क्यांत. ते ७ टक्के फक्त सीझियम-१३७ च्या ६६२ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे एकक) शिखराचे. म्हणजे निम्म्या उंचीवर रुंदी सुमारे ४६ केईव्ही, २.३५५ ने भागले की सिग्मा (प्रमाण विचलन), जेमतेम २०. हाच टक्का सगळ्या ऊर्जांना लावू नका. ऊर्जा वाढली की क्रिस्टलमधला प्रकाश वाढतो, फोटोमल्टिप्लायरमध्ये (प्रकाशाचा विजेचा सिग्नल करणाऱ्या नळीत) सुटणारे इलेक्ट्रॉनही वाढतात, पण त्यांच्या संख्येतला चढउतार वर्गमुळानेच वाढतो. म्हणून शिखर रुंद होते आणि टक्का मात्र उतरतो.

प्रोजेक्टवाली मुले इथेच अडतात. जिआंट-फोर (Geant4) हे सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर, क्रिस्टलमध्ये किती ऊर्जा पडली तेवढेच सांगते; शिखर सुईसारखे येते. प्रत्येक घटनेच्या ऊर्जेला गाउसियन (घंटेच्या आकाराची) पसरण तुम्हीच द्यायची. त्यासाठी ‘रुंदीचा वर्ग = अ + ब × ऊर्जा’ एवढे सूत्र कॉलेजच्या कामाला पुरते. अ आणि ब मात्र स्वतःच्या मोजणीतून काढा: सीझियमचे ६६२, कोबाल्ट-६० चे ११७३ व १३३२, आणि पोटॅशियम-४० चे १४६१.

हे शेवटचे कृषी सेवा केंद्रात मिळते! किलोभर म्युरिएट ऑफ पोटॅशमध्ये सेकंदाला पंधरा हजारांच्या आसपास विघटने होतात, त्यातल्या दहांतल्या एकातच १४६१ चा गामा निघतो. डबा डिटेक्टरला खेटून ठेवा, रात्रभर काउंट घ्या. झाकण घट्ट लावा, पावसाळ्यात पोटॅशला पाणी सुटते.

आता उन्हाळा. सोडियम आयोडाइडचा प्रकाश अंशामागे साधारण ०.३ टक्के घटतो. खोली दहा अंशांनी तापली की ६६२ चे शिखर वीसेक केईव्ही खाली सरकते. एचव्हीचा, म्हणजे फोटोमल्टिप्लायरच्या हाय व्होल्टेजचा, त्रास त्याहून मोठा: ती १ टक्का हलली तर गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) ७ टक्क्यांच्या आसपास हलतो. दिवसभराचा एकच रन लावला, तर सरकलेली शिखरे एकमेकांवर चढतात आणि रुंदी उगाच फुगते. दहा-दहा मिनिटांचे रन घ्या, प्रत्येकाचे शिखर वेगळे पाहा. यूपीएस हवाच. कूलरचा झोत टेबलावर नको. ओलाव्याने एचव्हीच्या कनेक्टरमधून गळती होते, आणि ती शोधताना आमचाही घाम निघतो.

फोन करण्याआधी एवढे लिहून ठेवा: खोलीचे तापमान, एचव्ही, रनची वेळ, आणि पहिल्या व शेवटच्या रनमधली शिखराची जागा.