पूना हॉर्स : निशाणावरचा चांदीचा पंजा आणि त्यामागचा इतिहास

भारतीय लष्कराच्या चिलखती दलातील ‘पूना हॉर्स’, म्हणजेच १७ हॉर्स, या रेजिमेंटचा उगम पेशवाईच्या अखेरच्या वर्षात आहे. जून १८१७ च्या पुणे तहाने ईस्ट इंडिया कंपनीने दुसऱ्या बाजीराव पेशव्यांवर पाच हजार घोडदळ आणि तीन हजार पायदळ यांच्या खर्चाची तरतूद करण्याची अट लादली, आणि याच तरतुदीतून इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ‘पूना ऑक्झिलरी हॉर्स’ उभे राहिले. दल नवे असले तरी त्याची घडण मराठी मुलखाला जुनीच होती. स्वाराने घोडा व सरंजाम स्वतःचा आणायचा आणि त्याबद्दल वाढीव पगार घ्यायचा, ही शिलेदारी पद्धत कंपनीने जशीच्या तशी उचलली आणि ती पहिल्या महायुद्धापर्यंत चालली.

पेशव्यांच्या मुलखातून पोसलेले हे घोडदळ काही महिन्यांतच पेशव्यांविरुद्ध उतरले. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या लढाईत कंपनीच्या बाजूने याच दलाचे सुमारे अडीचशे ते तीनशे स्वार होते. रेजिमेंटच्या इतिहासातील हा भाग अवघड आहे, पण तो वगळून तिची कुळकथा सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. स्वतंत्र भारताच्या लष्कराने भारतीयांविरुद्धच्या लढायांतील सन्मान मिरवायचे नाहीत असे ठरवले, आणि हा निर्णय मला सर्वथा योग्य वाटतो.

रेजिमेंटचे सर्वांत वेगळे मानचिन्ह मात्र तिच्या दुसऱ्या पूर्वज पलटणीकडून आले आहे. १८२० मध्ये उभारलेली तिसरी बाँबे लाइट कॅव्हलरी १८५६-५७ च्या इंग्रज-इराण युद्धात जनरल औट्रम यांच्या फौजेबरोबर इराणच्या आखाताकाठी होती. बुशहरकडे परतणाऱ्या या फौजेवर इराणी सैन्याने रात्री हल्ले केले आणि ८ फेब्रुवारी १८५७ च्या सकाळी खुशाब येथे दोन्ही बाजू समोरासमोर आल्या. इराणी पायदळाने संगिनी रोखून चौकोनी व्यूह रचला होता. सावध व शिस्तबद्ध पायदळाचा असा व्यूह घोडदळाने फोडणे त्या काळी जवळजवळ अशक्य मानले जाई. ॲडज्युटंट लेफ्टनंट मूर यांनी आपला घोडा थेट संगिनींवर घातला. घोडा जागीच कोसळला, पडताना मूर यांची तलवार मोडली आणि ते शत्रूच्या गर्दीत पायउतार झाले. लेफ्टनंट माल्कमसन यांनी वाट कापत त्यांना गाठले, आपली रिकीब धरायला दिली आणि बाहेर काढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्यामागून आत घुसलेल्या, दप्तरात ज्यांची नावे क्वचितच उरली अशा हिंदी स्वारांनी तो व्यूह उधळून लावला.

या विजयात फार्स प्रांतातील एका इराणी पलटणीचे निशाण हाती लागले. त्याच्या दांड्याच्या टोकाला, मोहरमच्या मिरवणुकीतील पंजांची आठवण व्हावी असा, चांदीचा उघडा पंजा होता आणि त्याच्या तळव्यावर ‘यदुल्लाही फौका ऐदीहिम’, अर्थात ‘त्यांच्या हातांवर ईश्वराचा हात आहे’, हे कुराणातील वचन कोरलेले होते. तोच पंजा पुढे रेजिमेंटच्या स्वतःच्या निशाणाच्या शिरोभागी बसवण्यात आला. जिंकलेल्या प्रतिपक्षाचे पवित्र वचन पुसून न टाकता ते आपल्या निशाणावर सर्वांत वर ठेवणारी ही परंपरा मला कोणत्याही पदकापेक्षा मोलाची वाटते.

१९०३ च्या क्रमवारीत या दोन पलटणी ३३ वी लाइट कॅव्हलरी आणि ३४ वी पूना हॉर्स झाल्या. पहिल्या महायुद्धात ३४ व्या पलटणीचे लेफ्टनंट फ्रँक द पास यांना नोव्हेंबर १९१४ मध्ये फ्रान्समधील फेस्टुबेर येथील कामगिरीबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. युद्धानंतरच्या पुनर्रचनेत दोन्ही पलटणींचे एकत्रीकरण होऊन त्यांना १७ हा क्रमांक मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास घोडे गेले, यंत्रवाहने आली, पण नावातला ‘हॉर्स’ कायम राहिला.

स्वातंत्र्यानंतरची कीर्ती दोन लढायांवर उभी आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर सेंच्युरियन रणगाड्यांसह रेजिमेंटचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर फिलोरा येथे जखमी झाले, तरी त्यांनी मागे जाण्यास नकार दिला. १६ सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात रेजिमेंटने सुमारे साठ शत्रूरणगाडे नष्ट केल्याची आणि स्वतःचे नऊ गमावल्याची नोंद आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी, ढाक्यात शरणागती झाली त्याच दिवशी, बसंतर नदीपलीकडे जरपाल येथे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल लढत होते. त्यांच्या ‘फामागुस्ता’ या रणगाड्याने पेट घेतल्यावर बाहेर पडण्याचा आदेश आला, पण आपली तोफ अजून चालू आहे असे कळवून ते आत थांबले आणि पुन्हा मारा सुरू केला. पुण्यात जन्मलेल्या खेत्रपालांचे वय तेव्हा २१ होते. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, आणि त्या लढाईत रेजिमेंटचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग महावीर चक्राचे मानकरी ठरले.