पुस्तक घ्यायच्या आधी हे वाचा: पोर्तुगीज कायद्यापासून पोरांच्या गोष्टींपर्यंत

गोव्यातल्या आमच्या पुस्तकांच्या दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइकं सगळ्यात जास्त येतात. एक म्हणजे ज्यांच्या घरात वाटणीचा विषय निघालाय आणि कुणीतरी मामा-काकाने सांगितलंय की पोर्तुगीज कायद्याचं पुस्तक बघ एकदा. दुसरी म्हणजे ज्यांचं पोर पाचवीत गेलंय आणि मराठी वाचायचं बंद झालंय. बरेचदा दोन्ही एकाच घरातली असतात, बाबा वरच्या फळीवरचा कोड चाळतायत आणि पोर खाली फतकल मारून बसलंय. दोघांनाही आमचं सांगणं एकच, पुस्तकाचं नाव माहीत नसलं तरी चालेल, काम काय आहे ते सांगा. कामावरून पुस्तक काढून देणं आम्हाला जमतं, आणि कधीकधी घेऊच नका असंही आम्ही सांगतो.

आधी कायद्याचं बघू, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथेच वाया जातात.

गोव्यात चालतो तो पोर्तुगीज सिव्हिल कोड, म्हणजे लग्न, मालमत्ता, वारसा यांचा कायदा, १८६७ चा, आपल्याकडे तो १ जुलै १८७० पासून लागू झाला. १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या कायद्याने आधीचे कायदे बदलेपर्यंत चालू ठेवले, म्हणून तो टिकला. गंमत अशी की खुद्द पोर्तुगालने तो कधीच सोडून दिलाय, त्यांनी १९६६ ला नवीन कोड केला आणि १९६७ पासून त्यांच्याकडे तोच चालतो. आता होतं काय, लोक ऑनलाइन शोधतात, लिस्बनमध्ये छापलेलं जाडजूड नवंकोरं पुस्तक बाहेरून मागवतात, शिपिंगलाच पुस्तकाएवढे पैसे जातात आणि हातात येतो तो १९६६ चा कोड. म्हापशाच्या कोर्टात त्याचा काडीचा उपयोग नाही. तेव्हा कुठूनही घ्या, पण पहिल्या पानावर साल कुठलं आहे ते बघितल्याशिवाय ऑर्डर टाकू नका.

बरं, १८६७ चाच मिळाला तरी तुमच्या वाटणीचं काम त्यात होईलच असं नाही. वारसा, खास नोटरी आणि इन्व्हेंटरी (मयताच्या मालमत्तेची यादी करून कोर्टातून वाटणी) या भागासाठी गोवा सरकारने २०१२ चा वेगळा कायदा केला आणि तो २०१६ पासून लागू आहे. म्हणजे आज हेरशिपचं डीड, वारस कोण ते ठरवणारा दस्त, करायचं असेल, इन्व्हेंटरी घालायची असेल तर हा नवा कायदा वाचायचा. जुना कोड कधी लागतो, तर आजोबांनी १९३० साली केलेलं डीड पुढ्यात आहे आणि त्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक का धरलीय, निम्मा हिस्सा वारसांसाठी का राखून ठेवलाय, हे समजून घ्यायचं असेल तेव्हा. नवा कायदा आणि जुन्या कोडचं सरकारी इंग्रजी भाषांतर दोन्ही सरकारी गॅझेटमध्ये आलंय, गॅझेट नेटवर फुकट आहे, त्यामुळे ते आमच्याकडून विकत घेऊ नका. डाउनलोड करा आणि जवळच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढा. आम्ही ठेवतो ती टीपा असलेली, निकालांसकट छापलेली पुस्तकं, आणि ती वकिलाला विचारून घेतलेली बरी. आम्ही वकील नाही, काउंटरवर सल्ला मागू नका, चुकून दिला तर ऐकू नका.

मग बाकीची जुनी कायद्याची पुस्तकं कशाला ठेवता, असं विचारतात. वाचायला! व्हॉट्सअ‍ॅपवर दर थोड्या दिवसांनी एक मेसेज फिरतो की गोव्यात सगळ्यांना एकच कायदा. तो बराचसा खरा आहे पण पूर्ण नाही. १६ डिसेंबर १८८० चं एक फर्मान आहे, गोव्यातल्या हिंदूंच्या रीतिरिवाजांबद्दलचं, त्यात पहिल्या बायकोला पंचविशीपर्यंत मूल झालं नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर तिच्या संमतीने नवऱ्याला दुसरं लग्न करता येईल अशी सोय ठेवलेली होती. हे वाचलं की माणूस जरा गप्प होतो. आणि दुसऱ्या बाजूला १९१० ला पोर्तुगालमध्ये राजा गेला, रिपब्लिक आलं, आणि पहिल्या काही महिन्यांतच घटस्फोटाचा कायदा झाला, भारतात हिंदूंना देशभर तो मिळाला १९५५ मध्ये. एकाच जुन्या राजवटीतल्या या दोन्ही गोष्टी. एका बाजूचंच सांगणारं पुस्तक हवं असेल तर तेही आमच्याकडे आहे, पण दोन्ही बाजू सांगणारं आधी दाखवू.

गावकरीबद्दल, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या पद्धतीबद्दल, विचारणारे पण खूप, पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणायचे. कोमुनिदादीच्या जमिनीचा वाद असेल तर आजही लागतो तो १५ एप्रिल १९६१ चा कोमुनिदाद कोड, म्हणजे मुक्तीच्या जेमतेम आठ महिने आधी झालेला. आणि मुळातली पद्धत कशी होती ते बघायचं असेल तर १५२६ च्या फोरालपर्यंत, म्हणजे सनदेपर्यंत, मागे जावं लागतं, त्यात अफोन्सु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या गावकऱ्यांचे रिवाज नोंदवून ठेवले. यावरचं पुस्तक घेताना एक बघा, लेखक जुन्या काबिजादींबद्दल (पोर्तुगिजांनी काबीज केलेल्या मुलुखाबद्दल) लिहितोय की नव्या. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या, १६व्या शतकातल्या. फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी, काणकोण वगैरे नव्या, त्या १८व्या शतकात पोर्तुगिजांकडे आल्या. बरीच पुस्तकं जुन्या काबिजादींवरच असतात आणि नाव मात्र नुसतं गोवा असतं. तुमचं घर डिचोलीत असेल तर अशा पुस्तकात तुमच्या देवस्थानाचा, तुमच्या महाजनकीचा (देवस्थानाच्या कारभारातल्या हक्काचा) विषय चार ओळींतच उरकलेला असतो. आम्ही अशा पुस्तकांवर आत पेन्सिलने तालुका लिहून ठेवतो.

जुनं पुस्तक ओळखायचं कसं हा प्रश्न विकणाऱ्यांनाही पडतो आणि घेणाऱ्यांनाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. छापखाना भारतात पहिल्यांदा आला तो १५५६ ला गोव्यातच, हे सगळ्यांना शाळेतून माहीत असतं. पण पुढे १७व्या शतकाच्या उत्तरार्धात इथली छपाई थांबली आणि पुन्हा सुरू झाली ती १८२१ ला, मधे शंभर-सव्वाशे वर्षांहून जास्त गॅप आहे. तेव्हा कुणी १७५० साली गोव्यात छापलेलं पुस्तक म्हणून काही दाखवलं तर पैसे खिशातच ठेवा. ख्रिस्तपुराणाची, म्हणजे फादर स्टीफन्सच्या मराठी काव्याची, मूळ छापील प्रत आहे का म्हणून अधूनमधून फोन येतो. ते १६१६ ला रायतूरला छापलं, नंतर १६४९ आणि १६५४ ला पुन्हा, पण त्या तिन्ही छपायांची एकसुद्धा प्रत आजवर सापडलेली नाही. आमच्याकडे आहे ती नवीन देवनागरी आवृत्ती, आणि वाचायला तीच बरी.

पोर्तुगीज पुस्तकात सालाचं पान फाटलेलं असेल तर स्पेलिंग बघा. १९११ ला त्यांनी स्पेलिंग सोपं केलं, त्याआधी एकाच जागी दोन-दोन अक्षरं आणि एफच्या जागी पीएच असा प्रकार चालायचा. अगदी तारीख कळत नाही पण अलीकडचं की पलीकडचं तेवढं कळतं. आणि पुस्तक हातात घेतल्यावर आधी शेवटचं कव्हर उघडा, कारण घडीचा नकाशा तिथे चिकटवलेला असायचा आणि सगळ्यात आधी गायब होतो तो नकाशाच. बाइंडिंगमध्ये बोटभर रुंदीची कागदाची पट्टी राहिलेली दिसली तर समजायचं की इथे नकाशा होता. तसं असेल तर आम्ही किंमत निम्म्यावर आणतो, आणि फोटो पाठवताना ती पट्टीसुद्धा दाखवतो. बारीक गोल भोकं कीड लागल्याची, ती आरपार गेली असतील तरी अक्षरं शाबूत असली तर घ्यायला हरकत नाही. कागद तपकिरी होऊन कोपरे मोडत असतील तर ते पुस्तक वाचायला घेऊ नका, दर पानाला तुकडा पडेल.

चतुर्थीच्या आधी घरं साफ होतात तेव्हा आमच्याकडे गोण्या येतात. छापील पुस्तकं आम्ही घेतो, हस्तलिखितं घेत नाही. देवस्थानाचे जमाखर्च, मोडीतले कागद, जुनी दप्तरं काही असेल तर ते पणजीला पुराभिलेख खात्यात नेऊन दाखवा, १५९५ पासूनची परंपरा आहे त्या दप्तरखान्याला, त्यांना कागद हाताळायचे कळतात. शिवाय ७५ वर्षांपेक्षा जुना, ऐतिहासिक महत्त्वाचा हस्तलिखित कागद देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे पोर्तुगालमधल्या नातेवाईकाला तेवढा एक पाठवून द्या असं आम्हाला सांगू नका.

आता पोरांचं.

आपल्याकडे घरात कोंकणी, चौथीपर्यंत शाळा मराठी, आणि पाचवीला इंग्रजी. वाचन तुटतं ते नेमकं इथेच. पोराला मराठी येत असते, पण शाळेतून ती मागे पडते आणि घरी कुणी पुस्तक हातात देत नाही. अशा वेळी पालक येऊन सांगतात, वय दहा आहे, दहा वर्षांचं पुस्तक द्या. वयावर जाऊ नका. पोराला घेऊन या, कुठलंही पान उघडून मोठ्याने वाचायला सांगा, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. पान संपायच्या आत पाची बोटं दुमडली तर पुस्तक अवघड, एखादंच दुमडलं तर सोपं, दोन-तीन असतील तर तेच घ्या. आणि सोपं पुस्तक पोराने स्वतः उचललं असेल तर तेही घ्या, आईला ते लहान मुलांचं वाटतं म्हणून परत ठेवलेली कितीतरी पुस्तकं आम्ही बघतो, आणि त्यानंतर घेतलेलं जाडं पुस्तक पोर उघडत नाही.

आमचं मत विचाराल तर पाचवी-सहावीला छोट्या प्रकरणांची गोष्ट द्या, रहस्य असलं तर उत्तम, बोधकथा नको. तात्पर्य वाचून पोरं पुढचं पान उलटत नाहीत. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त आणि चित्रं चांगली, सुरुवात तिथून करायला हरकत नाही. बालभारतीचा किशोर १९७१ पासून निघतो, त्याचे जुने अंक आले की आम्ही वेगळे काढून ठेवतो, पण त्यांच्यावर आयांचीच जास्त नजर असते. कोंकणी बालकथापण त्याच फळीवर आहेत, लिपी तीच, वेगळं कपाट केलेलं नाही. जी पोरं मराठी वाचायला कुरकुरतात ती कधीकधी कोंकणी पटकन वाचतात आणि तिथून मराठीकडे येतात, तेव्हा आधी कुठलं घ्यायचं यावर दुकानात वाद नको, तो वाद करायला गोव्यात बाकी जागा भरपूर आहेत.

पावसाळ्याबद्दल दोन शब्द. जून ते सप्टेंबर काचेच्या बंद कपाटात पुस्तकं ठेवू नका, आत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. भिंतीला टेकवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा. भिजलं तर उन्हात टाकू नका, उभं करून पानं सैल सोडून पंख्याखाली ठेवा आणि मधेमधे कोरा कागद घाला, वर्तमानपत्र घालू नका, शाई लागते.

बाकी नेहमीचंच. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, बिलात कुणी लावला तर विचारा. पार्सल गोव्यात कुठेही करतो, बाहेर पोस्टाने पाठवतो. फोटोत दिसलं नाही असं काही नुकसान निघालं तर सात दिवसांत परत घेऊ, पोरांचं पुस्तक पोराला आवडलं नाही तर तेही बदलून देऊ, फक्त त्यात रंग भरलेले नसावेत. नुसतं बघायचं असेल, विकत घ्यायचं नसेल, तर पणजीला पाटो भागात सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ ची, जुनी पोर्तुगीज पुस्तकं आमच्यापेक्षा त्यांच्याकडे कितीतरी जास्त. तिथे बघून या आणि मग विकत काय हवंय ते आम्हाला सांगा. दुकान दुपारी एक ते साडेतीन बंद असतं, तेव्हा फोनही उचलत नाही.