तान्ह्या बाळाचा सीआरपी आणि पीसीटी रिपोर्ट: आई-बाबांसाठी, आणि आजीसाठी पण

सगळ्यात आधी हे वाचा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडलं असेल, रडणं एकदम बारीक झालं असेल, अंग गार लागत असेल किंवा ताप १००.४ फॅरनहाइट वा त्याच्या वर असेल तर आमच्या लॅबमध्ये येऊ नका, सरळ बालरोगतज्ज्ञांकडे जा. "आधी रक्त तपासून घेऊ, मग डॉक्टरांना दाखवू" असं करण्यात निम्मा दिवस जातो, आणि एवढ्याशा जिवाला सेप्सिस (अंगभर पसरलेलं गंभीर इन्फेक्शन) झालं तर काही तासांत तब्येत सिरीयस होते.

आता टेस्टबद्दल. सेप्सिसची पक्की टेस्ट म्हणजे ब्लड कल्चर, पण त्यात जंतू वाढायला एक-दोन दिवस लागतात, बाळाचं रक्तही जेमतेम १ मिली निघतं आणि तेवढ्यात कधीकधी जंतू सापडतच नाहीत. तोवर हातावर हात ठेवून बसता येत नाही म्हणून डॉक्टर सीबीसीसोबत (रक्तातल्या पेशींची मोजणी) सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन) आणि जमलं तर पीसीटी (प्रोकॅल्सिटोनिन) लिहितात, हे दोन्ही इन्फेक्शनमध्ये रक्तात वाढणारे मार्कर, म्हणजे खुणा. यात जंतू दिसत नाही, शरीर कशाशी तरी झगडतंय एवढंच कळतं.

सीआरपी लिव्हरमध्ये बनतं आणि इन्फेक्शन सुरू झाल्यावर रक्तात वाढायला साधारण ६ ते ८ तास घेतं, टोकाला जातं ते दीड-दोन दिवसांनी. म्हणजे पहाटे ताप आला, सकाळी रक्त दिलं आणि सीआरपी ४ मिलिग्रॅम पर लिटर, म्हणजे नॉर्मल, आला तर "चला, सुटलो" म्हणू नका, अजून चढायचा असेल. म्हणूनच डॉक्टर २४ तासांनी पुन्हा करायला सांगतात, त्यात लॅबचं बिल वाढवायचा डाव नसतो खरंच. पीसीटी ३-४ तासांतच वाढायला लागतं, पण जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत ते धडधाकट बाळातही वाढलेलं असतं, त्यामुळे तिथे बाळ किती तासांचं आहे ते बघूनच आकडा वाचतात. फॉर्मवर जन्मवेळ लिहायला आम्ही मागे लागतो ते यासाठी! अवघड डिलिव्हरी झाली असेल तर सीआरपीही इन्फेक्शनशिवाय थोडा चढतो.

आणि युनिट बघा हो. काही लॅब मिलिग्रॅम पर लिटर देतात, काही मिलिग्रॅम पर डीएल (डेसिलिटर), दोन्हीत दहापटीचा फरक आहे. एका रिपोर्टात १.८ आणि दुसऱ्यात १८ म्हणजे काहीच वाढलेलं नाही, तोच आकडा आहे. व्हॉट्सॲपवर नुसता आकडा पाठवू नका, अख्ख्या रिपोर्टचा फोटो पाठवा.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२१ च्या गाईडलाईनमध्ये ताप आलेल्या पण एरवी बऱ्या दिसणाऱ्या ८ ते ६० दिवसांच्या बाळांसाठी सीआरपी २० मिलिग्रॅम पर लिटरच्या वर किंवा पीसीटी ०.५ नॅनोग्रॅम पर मिलीच्या वर गेलं तर धोका जास्त धरलाय. पण त्याच गाईडलाईनमध्ये २१ दिवसांपर्यंतच्या बाळाला मार्कर काहीही येवोत, पूर्ण तपासणी करून ॲडमिट करायला सांगितलंय. आपल्याकडे गडचिरोलीत बंग डॉक्टर दांपत्याच्या सर्च संस्थेने तर गावातल्या आरोग्यदूतांना बाळाचं रडणं, दूध ओढणं, हातपाय ढिले पडणं एवढ्यावरून सेप्सिस ओळखायला शिकवलं, रक्ताची टेस्ट नसताना, आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आणि बाळ मलूल असेल तर बाळाचं ऐका.

सॅम्पलचं म्हणाल तर कल्चरचं रक्त शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घेतात, पण बाळ सिरीयस असेल तर डोस अडवून ठेवत नाहीत. बाळाला उपाशी आणायची गरज नाही, उलट पाजून, पाय गरम ठेवून आणा, रक्त पटकन येतं. टाच फार पिळली की रक्त फुटतं आणि सॅम्पल परत घ्यावं लागतं, त्यामुळे आमच्या रक्त घेणाऱ्या मुलीला "लवकर करा ना" म्हणू नका. कल्चरमध्ये काही वाढलं तर वेळ कुठलीही असो, डॉक्टरांना लगेच फोन जातो, फायनल रिपोर्ट पाचव्या दिवशी मिळेल.