बातमीदार प्रश्नानंतर गप्प का उभा राहतो?

'बातमीदार दोन सेकंद गप्प राहतो, म्हणजे लाइव्ह खोटं असतं,' असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. शंका रास्त आहे, कारण वेगळं आहे.

पूर्वी आझाद मैदानावरची टेप माणूस हातानं स्टुडिओत नेई. मग जागेवरूनच उपग्रहाकडे चित्र पाठवणारी छत्रीवाली (डिश अँटेनाची) ओबी व्हॅन आली. तिचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. चित्र वर जाऊन खाली येईपर्यंत ७२,००० किलोमीटर होतात. प्रकाशाच्या वेगानंही पाव सेकंद लागतो. प्रश्नही त्याच वाटेनं गेला तर अर्धा. चित्र आकुंचित करून पुन्हा उलगडण्याचा वेळ वेगळाच.

आता बहुतेकदा पाठीवरची बॅग असते. ती अनेक सिमकार्डांवरून चित्राचे तुकडे पाठवते. ते जुळवायला मुद्दाम थोडा वेळ राखतात, म्हणून विलंब बऱ्याचदा व्हॅनपेक्षाही जास्त. विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर मोबाइल नेटवर्क कोलमडतं, तेव्हा व्हॅनच खरी भरवशाची.

पडताळायचंय? एकाच बातमीपत्रात स्टुडिओतला पाहुणा आणि बाहेरचा बातमीदार यांची उत्तरं घड्याळ लावून पाहा. पाहुणा लगेच बोलतो. बातमीदाराचा खंड मात्र जवळपास प्रत्येक प्रश्नाला सारखाच येतो. रेकॉर्ड केलेल्या मुलाखतीत तर असे खंड सहज कापता येतात.